आधी बादली, मग बॉयलर

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर गळका नळ, तुंबलेलं सिंक. आणि घड्याळं तासभर मागे गेली की सगळ्यांचा एकच धोशा, गरम पाणी. त्यात यंदा नरक चतुर्दशीच्या पहाटेनं दोन-तीन घरांत चांगलीच ठिणगी टाकलेली दिसते.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मूळची वाईची. गेली सतरा वर्षं लंडनच्या पश्चिमेकडच्या भागात बॉयलर बसवते आणि दुरुस्त करते. फोनवर अजूनही ‘तुमचे मिस्टर कधी येतील?’ असं विचारणारे भेटतात. मिस्टर शाळेत गणित शिकवतात. आमच्याच घरातला स्टॉपकॉक, म्हणजे पाणी बंद करायची मुख्य चावी, कुठे आहे, हे त्यांना माहीत नाही.

प्रश्न : ताई, आमचं लंडनजवळच्या स्लावमध्ये १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली आणि शॉवर काढला, त्यामुळे आता चार बेडरूम आणि दोन बाथरूम झाल्या. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. जुना बॉयलर आणि एअरिंग कबर्डमधला (कपडे उबदार ठेवायच्या कपाटातला) गरम पाण्याचा तांब्याचा सिलेंडर काढून कॉम्बी (नळाचं गरम पाणी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर, दोन्ही सांभाळणारा एकच बॉयलर) बसवायचा विचार आहे. तिघांकडून कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, घेतले. पहिला म्हणतो, ३० किलोवॉट भरपूर झाला. दुसऱ्यानं रेडिएटर मोजले, बारा भरले, म्हणून तो ४२ किलोवॉटचा घ्या म्हणतो. तिसरा म्हणतो, कॉम्बी नकोच. दिवाळीला पाहुणे धरून घरात नऊ माणसं होती आणि पहाटे शेवटच्या तिघांच्या वाट्याला गार पाणी आलं. कोणाचं ऐकायचं?
(एक वाचक, स्लाव)

उत्तर : तिघांपैकी एकानं तरी तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली धरली का, असं मी तुम्हाला उलट टपाली विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं, ‘नाही, पण दोघांनी चहा घेतला.’

मग ते काम तुम्हीच केलंत, बरं झालं. स्टॉपकॉक पूर्ण उघडा, गार पाण्याचा नळ पूर्ण सोडा, १० लिटरची बादली आणि फोनमधलं घड्याळ. रविवारी दुपारी दोनला तुमची बादली ४२ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १४ लिटर. मंगळवारी सकाळी सव्वासातला, गल्लीतली सगळी घरं आंघोळीला लागलेली असताना, तीच बादली भरायला ५५ सेकंद लागले. म्हणजे ११ लिटर. आपल्याला हा सकाळचा आकडा धरायचा आहे, कारण गरम पाण्यावरून भांडण होतं ते सकाळी. रविवारी दुपारी कोणाचंच काही म्हणणं नसतं.

कॉम्बी पाणी साठवत नाही. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीतून घरात येणारं गार पाणी बॉयलरच्या आतल्या प्लेटांमधून जाता जाता तापतं आणि तसंच नळाला येतं. जेवढं येईल तेवढंच तापणार. बॉयलर ३० चा घ्या नाहीतर १३० चा, मिनिटाला ११ लिटर आत आले तर ११ च बाहेर पडतील.

आता किलोवॉट. हिशोब इतका सोपा आहे, की तो कोटवर लिहून का देत नाहीत याचं मला नवल वाटतं. किलोवॉटला १४.३ नं गुणायचं आणि पाणी जितके अंश तापवायचं त्या आकड्यानं भागायचं, की मिनिटाला किती लिटर ते कळतं. इथे इंग्लंडमध्ये ऐन थंडीत नळाचं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं. अंगावर घ्यायचं पाणी ४० चं धरा. म्हणजे ३५ अंश चढवायचे. माहितीपत्रकातला आकडाही बहुतेक वेळा याच ३५ अंशांचा असतो, फक्त बारीक टाइपात. त्या हिशोबानं २४ किलोवॉटचा बॉयलर ९.८ लिटर देतो, ३० चा १२.३, ३५ चा १४.३ आणि ४२ चा १७ च्या थोडा वर.

हेच उलट करा. तुमच्या घरात सकाळी ११ लिटर येतात. ते ३५ अंश तापवायला २७ किलोवॉट लागतात. ४२ चा बसवलात तर उरलेले १५ किलोवॉट भिंतीवर शोभेला. पैसे मात्र सगळ्यांचे द्यायचे.

आणि दोन शॉवर एका वेळी? साधा मिक्सर शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर घेतो. दोन झाले १८. खाली कोणी भांडी विसळायला नळ सोडला तर वीसच्या पुढे. तुमच्याकडे आहेत ११. लॉफ्टमधला धाकटा ‘आई, पाणी गेलं!’ म्हणून ओरडेल तो उगाच नाही.

हे लोकांच्या गळी उतरवताना मी नेहमी आजोळच्या बंबाकडे जाते. वाईला मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, पहाटे पेटायचा. कढत पाणी घंगाळात काढायचं आणि वरून विसण घालायचं. अर्धं घंगाळ कढत पाणी विसण घातलं की पाऊण व्हायचं. साठवलेल्या कढत पाण्याची ही गंमत, की ते विसणानं वाढतं. तुमचा एअरिंग कबर्डमधला सिलेंडर म्हणजे तो बंब. कॉम्बी म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या बाथरूममधला गॅस गिझर, फक्त मोठा आणि शहाणा. कॉम्बीला तापमान ६० वर ठेवलंत तर ‘विसण घालून जास्त पाणी मिळेल’ असं बऱ्याच जणांना वाटतं. मिळत नाही. तापमान चढवलं की धार तेवढीच बारीक होते, आणि विसण घातल्यावर बेरीज होती तिथेच येते.

तुमच्या दिवाळीचा उलगडाही इथेच होतो. पत्रात तुम्ही मापं दिलीत, उंची ३६ इंच आणि व्यास १८. हा इथला जुना ठरलेला साइज आहे आणि त्यात ११७ लिटर मावतात. ६० अंशांचं ११७ लिटर पाणी, त्यात दिवाळीच्या दिवसांतलं साधारण १२ अंशांचं विसण, की ४० चे झाले २०० लिटर. अभ्यंगस्नान म्हणजे तेल, उटणं, केस, माणशी तेहतीस-चौतीस लिटर सहज जातात. सहा माणसं झाली. सातव्यापासून गार. तुमचा सिलेंडर बिघडलेला नव्हता, बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

गंमत अशी, की त्या पहाटेपुरता कॉम्बीच बरा पडला असता. सिलेंडरचं पाणी संपतं. कॉम्बीचं संपत नाही, पण ते वाटून घेता येत नाही. नऊ माणसं एकामागून एक गेली असती, दीड तास लागला असता, पण नवव्यालाही पहिल्याइतकंच गरम मिळालं असतं. तुमची अडचण मात्र त्या एका पहाटेची नाही. वर्षातल्या बाकीच्या सकाळी पावणेआठच्या आत तुम्हाला दोन शॉवर आणि एक सिंक एकदम लागतं.

आता तिसऱ्याचं म्हणणं. तो सांगतोय ते अनव्हेंटेड सिलेंडरचं, म्हणजे मेनच्या (रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीच्या) दाबावर चालणारा बंद सिलेंडर, सोबत तो आणि रेडिएटर तापवणारा साधा सिस्टीम बॉयलर. माझं मत त्याच्याच बाजूनं आहे, पण त्यानंही बादली धरली नाही! अनव्हेंटेड सिलेंडरमध्ये शिरणारं पाणी त्याच पाइपातून येतं आणि शॉवरमध्ये मिसळणारं गारही त्याच पाइपातून. बेरीज पुन्हा ११. गरम पाण्याचा साठा असेल, पण दोन शॉवरना साडेपाच-साडेपाच लिटर. फार तर किलोवॉटचं भांडण मिटेल, धारेचं नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम बॉयलर नाही, जमिनीखालचा पाइप. सिंकखाली वाकून स्टॉपकॉकच्या खालचा पाइप बघा. करडा, मऊ, सांध्याशी कांद्यासारखा फुगलेला असेल तर नाण्यानं हलकेच ओरखडा काढा. चांदीसारखं चकाकलं तर ते शिसं. १९३० च्या घरांत ते अजून सापडतं आणि त्याचं आतलं भोक जेमतेम अर्ध्या इंचाचं. तुमच्या हद्दीपासून घरापर्यंतचा पाइप तुमच्या मालकीचा, त्याचा खर्च तुमचा. रस्त्याकडचा भाग पाणी कंपनीचा. तुमच्या बाजूचं शिसं काढलंत तर आपल्या बाजूचंही बदलून देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. काम मागण्याआधी त्यांना फोन करा. नवा पाइप २५ मिलिमीटरचा निळा प्लास्टिकचा. बाग उकरावी लागेलच असं नाही. दोन खड्डे खणून मधून यंत्रानं बोगदा पाडतात आणि पाइप ओढून घेतात. पाइप शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे का, तेही त्याच फोनवर विचारा.

हे मी एवढं घोळवून सांगते, कारण माझा हात यातच पोळला आहे. धंद्यात नवीन असताना एका टेरेस घरात (भिंतीला भिंत लागून रांगेत असतात त्यातल्या) ३५ किलोवॉटचा कॉम्बी बसवला. काम देखणं, पाइप ओळंब्यात, मी स्वतःवर खूश. आठवड्यानं बाईंचा फोन, ‘पाणी आधी होतं तसंच येतंय की.’ गेले, बादली लावली, मिनिटाला ८ लिटर. दोन घरांत मिळून शिशाचा एकच पाइप. २४ चा बसवला असता तरी काही फरक पडला नसता. मजुरीतले निम्मे पैसे परत केले आणि त्याच संध्याकाळी पाण्याची धार मोजायचा कप विकत घेतला. प्लास्टिकचा आहे, उभी फट आणि शेजारी आकडे. आता गाडीतून तो सगळ्यात आधी बाहेर निघतो, चहाच्याही आधी.

‘पण आमचं प्रेशर चांगलं आहे’ असं तुम्ही लिहिता. असेल. पिचकारीचंही प्रेशर चांगलं असतं, पण पिचकारीनं बादली भरायला बसलात तर रंगपंचमी उलटून जाईल. नळ बंद असताना गेजवर दिसणारा दाब वेगळा, आणि पाणी वाहत असताना उरणारा वेगळा. मला दुसरा हवा असतो, आणि त्याच्या जोडीला लिटर.

रेडिएटर मोजून बॉयलर ठरवणाऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण ही सवय काही जात नाही. तुमच्यासारख्या घराला, डबल ग्लेझिंग आणि लॉफ्टमध्ये इन्सुलेशन असेल तर, बाहेर गोठलेलं असतानाही हीटिंगला साधारण ८ ते १० किलोवॉट लागतात. बारा रेडिएटर असोत नाहीतर पंधरा. कॉम्बीत मोठा आकडा लागतो तो नळासाठी. तोच मोठा बॉयलर रेडिएटरसाठी फार खाली उतरू शकत नसेल तर सारखा पेटतो, विझतो, पेटतो, आणि गॅस जाळत बसतो. म्हणून कॉम्बी घेताना वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडाही विचारा: कमीत कमी किती किलोवॉटवर चालतो? ३ किंवा ४ म्हणाला तर छान. आणि बसवणाऱ्याकडून हीटिंगची वरची मर्यादा तुमच्या घरापुरती खाली आणून घ्या. नळाच्या पाण्याला त्यानं काही कमी होत नाही.

तर माझा सल्ला. आधी पाइप. मग पुन्हा बादली, सकाळी सव्वासातलाच. मिनिटाला २० च्या वर गेलात तर १५ ते १८ किलोवॉटचा सिस्टीम बॉयलर आणि २१० लिटरचा अनव्हेंटेड सिलेंडर. दिवाळीच्या विसणासकट त्याचे साडेतीनशे लिटर होतात. शेवटचं थोडं कोमट धरून तीनशे म्हणा, आणि रिकामा झालाच तर पाऊण तासात पुन्हा भरून तापतो. लॉफ्टमधल्या शॉवरलाही खालच्याइतकीच धार. हा सिलेंडर वाटेल त्यानं बसवायचा नाही, त्यासाठी जी-थ्री नावाची वेगळी परीक्षा असते. तिचं कार्ड बघा. सुरक्षा झडपेचा पाइप बाहेर नीट काढलेला हवा आणि वर्षाला एकदा सर्व्हिस. जागा तुमच्याकडे आहेच, एअरिंग कबर्डची. सासूबाईंचे टॉवेल तिथे गरम राहतात म्हणून नव्हे, पण ते कपाट मोडू नका. पुढेमागे हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर घरात ओढणारं यंत्र) घ्यायचं ठरलं तर त्याला सिलेंडर लागतोच, आणि इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला सध्या साडेसात हजार पौंडांचं सरकारी अनुदान आहे. कॉम्बीसाठी कपाट पाडून तिथे मोठं बेसिन बसवलेली माणसं आता मला फोन करून विचारतात, सिलेंडर कुठे ठेवू?

पाइप बदलणं जमलंच नाही, तर पहिल्याचा ३० किलोवॉटचा कॉम्बी घ्या आणि लॉफ्टमध्ये विजेचा शॉवर लावा. थंडीत तो मिनिटाला चार-साडेचार लिटरच देईल, पण धाकट्याची आरडाओरड टळेल. त्याला फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र जाड वायर लागते, तो खर्च धरा. आणि घरात एक नियम: शॉवर चालू असताना किचनचा गरम नळ कोणी सोडायचा नाही. दोन्ही मार्गांत लॉफ्टमधली गार पाण्याची टाकी जाते, तेवढी जागा तुम्हाला मोकळी मिळेल.

कोट घेताना ‘गॅसचा पाइप बघितला का?’ हेही विचारा. जुन्या बॉयलरला १५ मिलिमीटरचा पाइप चालून जात असेल, कॉम्बीला बहुतेकदा मीटरपासून २२ चा लागतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारहून जास्त उतरता कामा नये. हे काम लाद्या-फरशा उचलून करावं लागतं आणि स्वस्तातल्या कोटमध्ये ते नेमकं विसरलेलं असतं. गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करायच्या परवान्याचं, कार्ड मागायला लाजू नका. कार्डाच्या मागच्या बाजूला त्या माणसाला कोणती कामं करायची परवानगी आहे ते छापलेलं असतं; पुढची बाजू सगळेच दाखवतात.

प्रश्न : ताई, लेस्टरला आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सातारहून आई आली आहे. तिचं म्हणणं, बॉयलर बिघडला आहे, तिला गरम पाणी मिळतच नाही. मी आणि नवरा शॉवर घेतो तेव्हा मात्र उत्तम चालतो. घरमालकानं माणूस पाठवला, त्यानं बघितलं आणि ‘काही बिघाड नाही’ म्हणून गेला. आई आता रोज पातेल्यात पाणी तापवते.
(एक वाचक, लेस्टर)

उत्तर : आई बादलीनं आंघोळ करतात ना? आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून नळाची बारीक धार सोडतात?

ही तक्रार मला वर्षाला चार वेळा तरी येते, आणि प्रत्येक वेळी आई खरंच बोलत असतात. पाणी वाहतंय हे कॉम्बीला आतल्या एका छोट्या चक्रीवरून कळतं. मिनिटाला साधारण २ लिटरच्या खाली धार गेली की चक्री पुरेशी फिरत नाही, बॉयलर पेटत नाही, आणि नळातून गारच पाणी येत राहतं. ज्या बाईनं आयुष्यभर एक दिवसाआड येणारं पाणी पुरवून वापरलं, तिचा हात नळावर आपोआप हलका पडतो. त्यात तांब्या भरला की नळ बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. दर वेळी पाइपात अडकलेलं गार पाणी आधी बाहेर येतं.

आईंना सांगा, नळ अर्ध्याच्या वर सोडायचा, हाताला गरम लागलं की बादली खाली सरकवायची आणि ती एकदमच भरून घ्यायची. २४ किलोवॉटचा असेल तर १५ लिटरची बादली दीड-पावणेदोन मिनिटांत भरते. सुरुवातीचं गार पाणी दुसऱ्या बादलीत धरा, विसणाला होईल. पातेलं मात्र उद्यापासून बंद. कढत पाण्याचं पातेलं घेऊन बाथरूमपर्यंत चालत जाणं या वयात मला बघवत नाही.

प्रश्न : रेडिंगला दोन बेडरूमचा फ्लॅट, २४ किलोवॉटचा कॉम्बी, सहा वर्षांचा. नवीन शॉवर बसवल्यापासून जानेवारीत पाणी नुसतं कोमट येतं, उन्हाळ्यात ठीक असतं. शिवाय हल्ली किचनच्या नळाचं पाणी मध्येच गरम, मध्येच गार होतं. रेडिएटर व्यवस्थित तापतात. मोठा बॉयलर घ्यावा का?
(एक वाचक, रेडिंग)

उत्तर : नको. तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत.

नवीन शॉवर म्हणजे ते ताटाएवढं पावसाचं डोकं असणार. त्याला मिनिटाला १२ लिटर हवेत, तुमचा बॉयलर थंडीत ९.८ तापवतो. उन्हाळ्यात नळाचं पाणीच १५-१६ अंशांचं येतं, चढवायचे २४-२५ अंश, त्यामुळे तोच बॉयलर १४ लिटर निभावून नेतो. शॉवरच्या नळीत मिनिटाला ८ किंवा ९ लिटरची धार-नियंत्रक चकती टाका. काही पौंडांची वस्तू आहे. ती येईपर्यंत नळ थोडा बंद करा, पाणी गरम होईल. (हो, लेस्टरच्या आईंना मी नळ जास्त सोडायला सांगितला आणि तुम्हाला बंद करायला. दोन्ही बरोबर आहे.)

दुसरं दुखणं क्षारांचं. थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी चुनखडीतून येतं, किटलीचा तळ बघा म्हणजे कळेल. तेच बॉयलरमधल्या प्लेटांवर बसतं. प्लेट चोंदली की उष्णता पलीकडच्या पाण्यात जाऊ शकत नाही, बॉयलर स्वतःच तापतो, घाबरून विझतो, पुन्हा पेटतो. तुम्हाला मिळतं गरम-गार-गरम. रेडिएटर ठीक आणि नळ लहरी, असं असेल तर आधी प्लेट तपासायची. ती साफ करता येते किंवा बदलता येते. पुन्हा होऊ नये म्हणून गार पाण्याच्या पाइपावर क्षार रोखणारं साधन बसवून घ्या. आमचे मँचेस्टरचे नातेवाईक या भानगडीत कधी पडत नाहीत. त्यांना लेक डिस्ट्रिक्टचं मऊ पाणी येतं, किटली दहा वर्षांनीही लख्ख. बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मुलाकडे लंडनला तीन महिने राहून आलो. त्याच्याकडचा कॉम्बी फार आवडला. आमच्या पुण्याच्या बंगल्यात तसा बसवता येईल का? सध्या बाथरूममध्ये सिलेंडरवरचा गॅस गिझर आहे.
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : काका, नका बसवू. कॉम्बीचं अर्धं अंग रेडिएटरसाठी असतं, ते तुमच्याकडे रिकामं बसेल. दुसरं म्हणजे त्याला मेनचा दाब लागतो, साधारण १ बार. तुमचं पाणी महापालिकेच्या नळातून खालच्या हौदात, तिथून पंपानं गच्चीवर आणि गच्चीवरून आपल्या वजनानं खाली येतं. एका मजल्याच्या उंचीचा दाब जेमतेम ०.३ बार. कॉम्बी पेटेल तर नशीब. आणि तुमच्या टाकीतलं पाणी जानेवारीच्या पहाटेही इथल्यापेक्षा बरंच उबदार असतं, त्याला एवढी ताकद लागतच नाही.

मला काळजी आहे ती तुमच्या गिझरची. मुलाकडचा बॉयलर ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध नसतो. तरीही इथे नवा बॉयलर बसवला की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतात. तुमचा गिझर बाथरूममधलीच हवा जाळतो आणि तिथेच सोडतो. दार लावलं, थंडी म्हणून खिडकी लावली, की दहा मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि त्या वायूला वास नसतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या डक्टमध्ये किंवा मागच्या बाल्कनीत हलवून घ्या आणि पाइपानं गरम पाणी आत आणा. हे या आठवड्यातच करा. तोपर्यंत गिझर चालवून आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच दार लावा.